आपण भेटावे

डांगे चौकात मेथीची जुडी निवडत असताना मिनलला मिनलताईचा मेसेज आला. 'अगं, जेवलीस का? नसशील तर आधी दोन घास खा. पोटात काही नसलं की साधं कामसुद्धा डोंगराएवढं वाटतं. मग निवांत लिही मला.' तिनं तो वाचला आणि मोबाइल पर्समध्ये टाकता टाकता तिच्या तोंडून 'हो ताई' निघून गेलं. भाजीवाल्या मावशींनी वर पाहिलं. "काय म्हणलीस?" "काही नाही मावशी, सुट्टे नाहीत म्हटलं." सुट्टे होते. मुठीतच होते. पण ती जुडी धरून तशीच उभी राहिली. कारण मिनलताई म्हणजे दुसरं कुणी नव्हतं, तीच होती. गेली आठ वर्षं 'अगं, जेवलीस का' हे तीच लिहीत आली होती, सकाळ-संध्याकाळ, बोटं दुखेपर्यंत. आता बाई स्वतःच स्वतःला जेवलीस का विचारायला लागली तर लोक तिला येरवड्याला पोचवून येतील, ते काही सांगायला नको. पण हे तिनं लिहिलं नव्हतं. ती तर मेथी घेत होती.

साडेचारला सह्या होत्या, पिंपळे सौदागरला, कुलदीपच्या ऑफिसात. 'मिनलताई' विकायची होती. मुलींना नोकरीची माहिती देणारं पेज, नंबर, नाव, सगळंच कुलदीप घेणार होता. गेला आठवडाभर कुलदीपची माणसं ते चालवून बघत होती, आणि आज सकाळी मिनलनं घरातल्या दुसऱ्या नंबरवरून, 'मंदा' असं खोटं नाव सांगून, 'ताई, काम पाहिजे' म्हणून लिहून टाकलं होतं. बघू तरी काय उत्तर देतात. तर उत्तर हे असं आलं. माणसंही कसली, कुलदीपनं एक यंत्र लावलं होतं, तिचे आठ वर्षांचे मेसेज त्याला खायला घालून. 'आधी दोन घास खा' हे तर तिचंसुद्धा नव्हतं, आईचं होतं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. यंत्राला आई कुठून सापडली, म्हणून ती चौकातून थेरगावच्या घरापर्यंत स्वतःलाच विचारत चालली, आणि उत्तर तिला ठाऊक होतं. तिनंच दिली होती. सगळं दिलं होतं, त्यात आईपण गेली.

धंदा कसा विकायचा हे ती मोबाइलवर व्हिडिओ बघूनच शिकली. त्यातला एक गोरागोमटा माणूस पुन्हा पुन्हा सांगायचा की विकायचं असेल तर आधी धंद्यातून स्वतःला बाहेर काढा. तुमच्यावाचून चालतो तोच धंदा विकला जातो, तुमच्यावाचून अडतो त्याला धंदा म्हणत नाहीत, हमाली म्हणतात. मिनलनं ते मनावर घेतलं. दोन महिने बसून तिनं स्वतःला बाहेर काढलं. चाळीस पानं लिहिली. परभणी-हिंगोलीकडून चाकणला कामाला येणाऱ्या मुली काय काय विचारतात, त्यांना काय सांगायचं. कुठला कॉन्ट्रॅक्टर पगारातून किती कापतो. कुठल्या कंपनीची बस शिफ्ट सुटल्यावर खोलीपर्यंत सोडते. खोलीचं भाडं विचारायच्या आधी संडासाच्या दाराला कडी आहे का ते विचारायचं. मुलगी रडत असली तर आधी जेवणाचं विचारायचं, रडण्याचं नाही. पेज नावाजलं तशा खोट्या मिनलताया निघाल्या होत्या, त्यांचंही लिहिलं: 'मी मिनल आहे' असं दुसऱ्या कुणी म्हटलं की त्याला तिथल्या तिथं ब्लॉक करायचं, विचारायच्या भानगडीत पडायचं नाही. आपला फोटो तिनं कधी टाकला नव्हता. आवाजही कधी पाठवला नव्हता. एवढा सोपा सौदा कुलदीपला दुसरीकडं मिळाला नसता. घरमालकीण स्वतःच सामान बाहेर काढून दारात उभी.

भीमराज, तिचे वडील, हे सगळं बघत होते. पिंपरीच्या एका कंपनीत एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. बोटांनी ठोकून बघितल्याशिवाय स्टीलचा डबासुद्धा घ्यायचे नाहीत. ते एकदाच म्हणाले, "पण यात माल कुठाय, मिनू?" "माल नसतो बाबा, ऑनलाइन आहे." "मग तो माणूस पैसे मोजून घेऊन काय जाणार?" ती हसली होती. म्हणाली, नाव घेऊन जाणार, एक्केचाळीस हजार मुलींचा विश्वास घेऊन जाणार. असं ती हसत म्हणाली, आणि बाबा नुसते चष्मा पुसत राहिले. त्यांना तिला अडवायचं नव्हतं. तिची गेल्या वर्षभराची दशा त्यांनी पाहिली होती. मोबाइल वाजला की तिच्या हातातलं पडायचं. कप पडायचा, कंगवा पडायचा, एकदा तर तापलेला तवाच. खरं कारण विचारलंत तर ती धंदा विकत नव्हती, भीती विकत होती. भीतीला गिऱ्हाईक मिळालं म्हणून तिला कोण आनंद झाला होता.

ती भीती तिच्या पोटात बसली निशिगंधामुळं. बावीस वर्षांची मुलगी, सेलू तालुक्यातली, कधी न बघितलेली; रोज 'शुभ सकाळ ताई' लिहायची. म्हाळुंग्याजवळच्या एका कॉन्ट्रॅक्टरची जाहिरात मिनलनं टाकली होती. जाहिरातींवरच तर पेज चालायचं, त्याशिवाय चूल कशी पेटणार? त्या जाहिरातीवर निशिगंधा गेली आणि दोन दिवस तिचा फोन बंद. तिसऱ्या दिवशी मिनल बाबांना घेऊन तिथं गेली, तर एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सात मुली एका खोलीत, बाहेरून कुलूप, फोन काढून घेतलेले. "कंपनीचा नियम हाय, मोबाइल चालत न्हाई," खालचा माणूस म्हणाला, आणि बाबांनी आपला जुना युनियनचा आवाज काढला तेव्हा त्यानं कुलूप उघडलं. कुणी हात लावला नव्हता. तेवढंच नशीब; पोलिसांत मात्र कुणीच गेलं नाही. पण निशिगंधा बाहेर आली ती भिंतीला धरून, आणि पायऱ्या उतरताना तिनं मिनलला जे सांगितलं त्यानं मिनलची झोप गेली ती गेलीच. "ताई, तुमी 'तू' लिहिलं होतं म्हणून आले मी. 'आपण' असतं तर आलेच नसते." मिनलला काही उमगेना. मग त्या मुलीनं, जणू काही साधी गोष्ट सांगावी तसं, सांगितलं: तुमचं आम्हा सगळ्यांना माहीतच आहे की. तुमची खात्री असली की तुम्ही 'ये गं, तू सकाळी सातला पोच' असं लिहिता. खात्री नसली की 'आपण यावे, आपण कागदपत्रे आणावीत'. तुम्ही 'आपण' म्हणालात की आम्ही कुणीच जात नाही.

मिनलला हे ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिनं जुन्या जाहिराती चाळल्या. खरंच होतं. मायेच्या माणसाला मराठीत कुणी आपण म्हणत नाही. आपण म्हणतात ते बँकेतल्या साहेबाला, सोयरिकीला आलेल्या परक्याला, ज्याच्यापासून चार हात लांब राहायचं त्याला. तिच्या मनाला जे खटकायचं ते तिच्या नकळत बोटांतून तिथं उतरायचं, आणि तिकडं त्या पोरी वाळूत पडलेला मोती उचलावा तसं ते उचलायच्या. फक्त त्या एका दिवशी तिला ताप होता, कंटाळा होता, आणि तिनं आदल्या जाहिरातीचा मजकूर तसाच उचलून खाली चिकटवला. 'तू' असलेला. एक अक्षर. एका अक्षरानं सात मुली कुलपात गेल्या. त्यानंतर मग ती ते जाणूनबुजून करायला लागली, आणि यात तिला स्वतःची लाजही वाटायची. कॉन्ट्रॅक्टरकडून जाहिरातीचे घ्यायचे आणि मुलींना 'आपण' म्हणून परतवायचं. दोन्ही डगरींवर हात. त्याच म्हाळुंग्याच्या इमारतीतला माणूस पुढं नवं नाव लावून आला, तिनं पत्ता ओळखला, आणि तरी दोनदा त्याची जाहिरात घेतली. आपणमध्ये लिहिली. एकही मुलगी गेली नाही. त्या दोन्ही दिवशी तिला वाटलं, जमलं. आणि दोन्ही दिवशी ती रिकाम्या मोबाइलकडं घाबरून बघत बसली, एखादीला नाही समजलं तर?

चाळीस पानांत तिनं हे लिहिलं नव्हतं. आठवणीनं लिहिलं नव्हतं.

साडेचारच्या आधीच ती पिंपळे सौदागरला पोचली. कुलदीपचं ऑफिस त्यांच्याच बिल्डिंगच्या खाली होतं आणि बिल्डिंग त्यांच्याच जुन्या शेतावर. बाहेरच्या सोफ्यावर अर्जुनराव, कुलदीपचे वडील, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. एसीचा वारा मानेवर येतो म्हणून त्यांनी उपरणं गुंडाळून घेतलं होतं. "तूच का ती ताई? बस पोरी. इकतीस म्हनं?" "हो." "इक, इक. आमी बी इकलं. ही समदी जिमीन आमचीच व्हती." मग ते खरेदीखताबद्दल बोलायला लागले, तालात, पाढा म्हणावा तसे: "कागदात लिवत्यात बघ, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. पानी गेलं, झाडं गेली, गवत गेलं, दगूड गेला, जमिनीखाली हंडा घावला तर त्यो बी त्येचा. काय बी ऱ्हात न्हाई मागं. मी म्हनलं रजिस्टारला, सायेब, हाळी दिली की माझी बैलं वळायची, त्या हाळीचं काय? त्यो हसला. म्हनला, आजोबा, हाळी ठेवा तुमी." मिनल पण हसली. आत टेबलावर तिचा करारनामा होता आणि त्यात पाचव्या कलमात लिहिलं होतं: नाव, चिन्ह, क्रमांक, सभासदांची यादी, मजकूर व लेखनशैली. म्हाताऱ्याला हाळी ठेवू दिली. तिची हाळी पाचव्या कलमात होती.

कुलदीप माणूस वाईट नव्हता. हे तिनं मनाशी पुन्हा पुन्हा घोळवलं. वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ उठून तरी जाता आलं असतं. त्यानं चहा मागवला, बिस्किटं मागवली, आपण होऊन एसी कमी केला. "ताई, तुमचं काम एक नंबर आहे राव. एक गंमत दाखवतो तुम्हाला." त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. पडद्यावर दोन उभे पट्टे होते, एक उंच, एक बुटका. "आमच्या इंजिनिअरनं काढलंय. तुम्ही ज्या जाहिरातीत 'तू' लिहिता तिथं शंभरातल्या साठ पोरी जातात. 'आपण' लिहिता तिथं एक नाही जात. एकपण नाही, भावा! मी म्हटलं हे काय? मग कळलं. पोरींना परकं वाटतं हो. आपण म्हटलं की सरकारी वाटतं. म्हणून आता यंत्राला सांगून टाकलंय, सरसकट तू. जाहिरात कुणाची का असेना."

मिनलच्या हातातला चहा हिंदकळून बशीत सांडला. म्हणजे यंत्राला सापडलं होतं. जे तिला स्वतःला सात वर्षं सापडलं नाही ते त्याला आठवड्यात सापडलं, आणि उलटं सापडलं. धोक्याची पाटी दिसली की गाडी थांबते, तर पाटीच काढून टाका म्हणजे गाड्या थांबणार नाहीत. सांगून टाकावं का? ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी जाहिरातीचे पैसे घेत होते आणि पाठीमागून पोरींना परतवत होते? तो उद्या हेच सगळ्या कॉन्ट्रॅक्टरना सांगेल. करार मोडेल. मग परत तो नंबर, परत तो मोबाइल उशाशी, परत ते हातातलं पडणं. ते नको. काहीही झालं तरी ते नको, असं तिच्या आतलं कुणीतरी लहान मुलीसारखं म्हणत राहिलं, आणि तिनं सही केली. चौदा ठिकाणी केली. प्रत्येक सहीला तिला वाटत होतं की आता पेन थांबेल. पेन काही थांबलं नाही.

"आता शेवटची पोस्ट तुमच्या हातानं टाका," कुलदीप म्हणाला. "निरोपाचं काही लिहू नका हं, पोरींना कशाला कळायला पाहिजे? उद्याची ही एक भरती आहे, तेवढी टाका. म्हाळुंग्याची पार्टी आहे, तुमची जुनीच." जुनीच. त्याच तिसऱ्या मजल्याची. तिनं नंबर असलेला तो मोबाइल हातात घेतला, आठ वर्षांत कडेला रंग उडालेला, आणि तिला एकदम सुचलं. अजून तो तिच्या हातात होता. अजून दहा मिनिटं ती मिनलताई होती. तिनं लिहिलं: 'महिला कामगार पाहिजेत. इच्छुकांसाठी राहण्याची सोय. उद्या सकाळी सात वाजता चाकण येथे तळेगाव चौकात आपण भेटावे. आपण सोबत आधार कार्ड आणावे. – मिनलताई.' जितकं परकं लिहिता येईल तितकं लिहिलं. कुलदीपनं वाचलं, किंचित कपाळाला आठी घातली. "आपण?" "शेवटचं आहे," ती म्हणाली, "सवय हो." "बरं, जाऊ द्या." पोस्ट गेली. खाली भराभर उत्तरं यायला लागली, जुन्या मुलींची. 'ठीक ताई.' 'समजलं ताई.' एकीनं नुसते हात जोडलेले. मिनलला रडू आलं. कळलं त्यांना. सगळ्यांना कळलं. मग तिनं मोबाइलवर आलेला ओटीपी कुलदीपला वाचून दाखवला, सहा आकडे, आणि तिचा नंबर तिच्यासमोर त्याच्या मोबाइलमध्ये उघडला. बाहेर अर्जुनराव सोफ्यावरच डुलक्या काढत होते.

बसमध्ये बसेपर्यंत तिला खरोखर हलकं वाटत होतं. थेरगाव फाट्याच्या आसपास तिनं दुसरा मोबाइल काढला, उगीच, मंदा म्हणून बघायला. पोस्टखाली एक नवं उत्तर होतं. अपेक्षा नावाची कुणी मुलगी. 'ताई तुमी बी येनार ना? मंग मला भेव न्हाई. घरी पन सांगितलं मी की ताई आन मी भेटनार हाव चौकात. आजच्या गाडीला बसले हिंगोलीहून.' मिनलनं ते तीनदा वाचलं तरी कळेना, ही असं का म्हणतेय. मग वर जाऊन तिनं स्वतःचीच ओळ वाचली. तळेगाव चौकात आपण भेटावे. आणि मग तिला उमगलं. आपण म्हणजे परकं, लांबचं, साहेब. आणि आपण म्हणजे तू आणि मी. दोघी. 'आपण भेटावे.' हिंगोलीची पोर ही आठवड्याभरातली नवी, कुलदीपच्या जाहिराती बघून आलेली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं सरळ मराठी वाचली होती. एका गावच्या माणसाला दुसऱ्यानं म्हणावं तसं, आपण भेटू. ज्या शब्दानं जुन्या मुली घरी थांबल्या त्याच शब्दाचं बोट धरून ही निघाली होती.

तिनं लगेच खाली लिहिलं. बोटं चुकत होती. 'जाऊ नकोस. मी मिनल आहे. मी येणार नाहीये. ते लोक चांगले नाहीत.' पाठवलं आणि दुसऱ्या क्षणाला पडदा पांढरा झाला. आपल्याला या पेजवर प्रवेश नाही. तिचाच नियम. तिनंच लिहून दिलेला, विचारायच्या भानगडीत पडायचं नाही असा. तिनं कुलदीपला फोन केला. तो हसत म्हणाला, "ताई, आता निवांत जेवा आणि झोपा. आता ही तुमची डोकेदुखी नाही." ती पार्टी चांगली नाही, असं तिनं सांगितलं. तो अगदी हळू, आदरानं म्हणाला, "पोलिसांत काही आहे का त्याच्यावर? नाही ना? आणि चांगला नसता तर तुम्ही त्याची जाहिरात दोनदा घेतली असती का?" फोन कानाला तसाच राहिला आणि बस डांगे चौकाच्या पुढं निघून गेली.

घरी बाबांनी विचारलं, "सुटलीस ना?" ती हो म्हणाली. जेवली नाही. पोलिसांना फोन करून काय सांगू, या विचारात तिनं पाच वेळा नंबर लावला आणि खोडला: साहेब, मी व्याकरणाची चूक केली? भीतीचंही कसं असतं बघा. वर्षभर ती कुणाला तरी काहीतरी होईल म्हणून भीत होती, आणि त्या भीतीला चेहरा नव्हता म्हणून ती विकता आली. आता तिला नाव होतं, गाव होतं, ती आजच्या गाडीला बसली होती. आता ती कोण घेणार? चौकात जाऊ नये, असं तिला फार वाटलं. म्हाळुंग्याच्या इमारतीचा तो खालचा माणूस तिला ओळखेल. तिला त्याचे पिवळे दात आठवले, हातातला किल्ल्यांचा जुडगा आठवला. तरी पाचला ती उठली, बाबांना "चाकणला जाऊन येते" एवढंच म्हणाली, आणि त्यांनी विचारलं नाही. फक्त दारापर्यंत आले, गुडघा धरून.

भोसरीहून बस बदलून ती तळेगाव चौकात उतरली तेव्हा पावणेसात झाले होते. कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, चहाच्या गाड्यांवर रात्रपाळी सुटलेली माणसं. एका बाजूला पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर उभी. आणि गाडीपाशी मुली. एक नव्हे. तिनं मोजल्या, मग परत मोजल्या, कारण तिला ते खरं वाटेना. नऊ. नऊ जणींनी 'आपण' वाचलं होतं आणि नऊ जणींना वाटलं होतं की ताई येणार आहे. कुणाच्या पाठीवर बॅग, कुणाच्या हातात कापडी पिशवी, कुणाची बॅग आधीच गाडीच्या टपावर चढलेली, आणि सगळ्या रस्त्याकडं बघत होत्या, येणाऱ्या प्रत्येक बाईकडं. तिच्याकडंही त्यांनी बघितलं आणि नजर पुढं नेली. कशावरून ओळखणार? एकजण, लालसर स्वेटर, डोळे गाडीत न झोपल्यासारखे, हिनं मात्र तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "अपेक्षा?" मिनल म्हणाली. "व्हय. तुमी कोन?" "मी मिनल. मिनलताई. गाडीत बसू नका. कुणीच बसू नका."

मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. त्याच वेळी सगळ्यांचे मोबाइल एकापाठोपाठ वाजले. अपेक्षानं वाचलं आणि तसाच मोबाइल मिनलपुढं धरला. 'गाडी आली का गं? बस निर्धास्त. मी पुढं पोचलेय, तुझी वाट बघतेय.' हा तिचाच धीर होता. मी आहे ना गं, हे तिनं आठ वर्षांत किती जणींना लिहिलं असेल. एका दुसऱ्या मुलीनं, वेणीवालीनं, घाईघाईनं काहीतरी लिहिलं आणि लगेच आलेलं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं: "'माझ्या नावानं दुसरं कुणी बोललं तर विश्वास ठेवू नकोस गं. खूप खोट्या निघाल्यात.'" मुली दोन पावलं मागं सरकल्या, मिनलपासून. गाडीतून एक माणूस उतरला. तो खालचा नव्हता, दुसराच होता, पण हातात यादी होती. "काय झालं मावशी? चला पोरींनो, उशीर होतोय."

तिच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. नंबर नव्हता, पेज नव्हतं, आधार कार्डावर मिनल भीमराज असं नाव होतं, पण मिनल काय, गल्लोगल्ली असतात. मायेनं बोलावं तर तिची सगळी माया त्या मोबाइलमध्ये होती, तिच्यापेक्षा चांगली बोलत होती. मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं चाळीस पानांत कुठंच लिहिलेलं नव्हतं. "मी काल ते विकलं," ती म्हणाली. "ताई मी विकली. नाव विकलं, नंबर विकला, तुमची यादी विकली. आता जे लिहितंय ते यंत्र आहे. हा माणूस कसा आहे ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्याची जाहिरात घेतली. मला भीती वाटत होती म्हणून विकलं."

चौकात कंटेनरचा हॉर्न वाजत राहिला. वेणीवाली मोबाइलवरचा अंगठा तसाच धरून उभी होती. अपेक्षानं मिनलच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ, बाजारातून परतलेल्या जनावराला धनी बघतो तसं, पुन्हा पुन्हा.

"आमाला इकलं?" तिनं विचारलं.

"हो," मिनल म्हणाली. "तुम्हाला."

अपेक्षा वळली आणि त्या यादीवाल्याला म्हणाली, "भाऊ, माजी बॅग खाली द्या."